छातीवरचा चिखल

आमच्या ह्यांना गावात कडकराव म्हणतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याने शर्टाची कॉलर बघून ठेवलं असणार, माणूस बघून नव्हे. माणूस इतका मऊ की काउंटरवर कुणी आवाज चढवला तर चूक कुणाची ते न बघता हेच माफी मागून मोकळे. आमची लॉन्ड्री आहे, बाजाराच्या वरच्या टोकाला. पुढे काउंटर, मागे धुलाईची यंत्रं आणि मधल्या खोलीत इस्त्रीचं टेबल. त्या टेबलापाशी ह्यांनी उभ्याने जन्म काढला. मी डाग काढते. शाई, गंज, तेल, रक्त, ओठांचा रंग, काहीही आणा. कपडा बघून माणूस कुठे जाऊन आला ते मी सांगते. घरी त्याने काय सांगितलं असेल तेही कळतं, पण ते मी कुणाला बोलत नाही.

हे कधी कुठे गेलेच नाहीत. लग्नानंतर फिरायला गेलो तर लॉजच्या खोलीतली चादर चुरगळलेली दिसली. ह्यांनी आधी ती काढून, झटकून, कोपरे ताणून परत घातली आणि मग बायकोकडे बघितलं. सुट्टीच्या दिवशी जेवून झोपायचं, उठून चहा प्यायचा, संपली सुट्टी. मुलगी म्हणायची, बाबांना घराबाहेर काढायचं तर त्यांची घडी घालून पिशवीत भरावं लागेल.

आणि असा माणूस, पन्नाशी उलटल्यावर, एके दिवशी सायकल घेऊन दारात उभा! साधी सायकलही नाही. बोकडाच्या शिंगांसारखं वळलेलं हँडल, जाड खरबरीत टायर, आणि मडगार्डचा पत्ता नाही.

"ही कशाला?" मी विचारलं.

"खडीच्या वाटेवर चालते."

"मडगार्ड कुठाय?"

"चिखल अडकतो त्यात."

"मग तो चिखल जातो कुठे?"

"अंगावर."

"आणि अंगावरून?"

"तुझ्याकडे," म्हणाले, आणि हसले. मीही हसले. तेव्हा हसले ते शेवटचं.

गावामागच्या टेकड्या ओलांडल्या की माळ लागतो. झाड औषधालाही नाही. गुडघाभर जांभळट झुडपं, मध्ये मध्ये काळी ओली जमीन, आणि तिच्यातून चढत-उतरत गेलेली खडीची जुनी वाट. दर रविवारी हे तिकडे. एकटेच. म्हणजे, ह्यांच्या सांगण्याप्रमाणे एकटेच.

माझ्या मनात पाल चुकचुकली ती सायकलमुळे नव्हे, घरातल्या वागण्यामुळे. मी बाजूने येऊन नुसता पेला ठेवला तरी हे दचकायचे. मन साफ असलेला माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात दचकतो का? रस्त्यात शेजारीण हसली तर ओळख न दाखवता पुढे. आणि जेवताना? जेवताना टक लावून माझ्या तोंडाकडे. तीस वर्षांत ज्यांनी माझी नवी साडी ओळखली नाही ते असे बघायला लागले. मी म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

बहिणीला सांगितलं. माझी धाकटी बहीण म्हणजे आगीत तेल घेऊन फिरणारी बाई. ती म्हणाली, "ताई, ह्या वयात पुरुष एकटा सायकल चालवत नाही. तू कपडे बघ."

कपडे बघ, हे ती मला सांगणार! मी बघतच होते. पहिले काही महिने ह्यांच्या जर्सीवर पाठभर काळा पट्टा असायचा, कमरेपासून मानेपर्यंत. ते बरोबरच आहे. मडगार्ड नसलं की मागचं चाक स्वतःच्याच पाठीवर चिखल उडवतं. पण मग छातीवर ठिपके यायला लागले. छातीवर, गळ्याशी, चष्म्यावरसुद्धा. आपल्या चाकाचा चिखल आपल्या छातीवर एवढा येत नाही. तो पुढच्याच्या चाकाचा असतो. म्हणजे कुणीतरी पुढे होतं, आणि हे त्याला अगदी चिकटून मागे.

आणि मग एका सोमवारी काउंटरवर लाल जॅकेट आलं. चौकातल्या चष्म्याच्या दुकानातली बाई, डोळे तपासते ती. उंच, सडसडीत, एकटी राहणारी, आणि हसली की सगळे दात दिसणारी. "चिखल आहे जरा," म्हणाली. जॅकेटच्या पाठीवर काळा पट्टा. मी आत गेले, ते टेबलावर पसरलं, आणि त्याच्या मागे ह्यांची जर्सी ठेवली. तोच काळा चिखल, त्यात त्याच झुडपांची बारीक जांभळी पानं. तिची पाठ आणि ह्यांची छाती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी जॅकेट स्वच्छ धुऊन दिलं, कारण धंदा तो धंदा. घडी मात्र ह्यांनाच घालायला लावली, आणि घालताना तोंड बघत उभी राहिले. तोंडावर काही नाही! मुरलेला माणूस, मी म्हटलं.

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. तीस वर्षं दोघांनी मिळून एकच दुकान, एकच वाफ, एकच घाम. हे गेले तर मी कोण? डाग काढणारी बाई, बस. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा रागात बरं वाटतं, म्हणून मी राग धरून ठेवला.

रविवारी हे निघाल्यावर बहिणीला गाडी काढायला लावली. डांबरी रस्ता जिथे त्या खडीच्या वाटेला छेदतो तिथे लाकडी फाटक आहे. बहीण गाडीत बसली, काच खाली करून, काही चुकायला नको म्हणून. मी मुद्दाम पिवळीधमक साडी नेसले होते. लांबून दिसू दे, म्हटलं, घाम फुटू दे. वारा असा की पदर सांभाळता सांभाळता पुरेवाट. आणि मग उतारावरून आले. पुढे लाल जॅकेट, मागे हातभर अंतर सोडून आमचे कडकराव.

मी फाटकाच्या कडेला, कमरेवर हात ठेवून उभी. बाईने मला लांबूनच पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. वेग कमी केला तिने. माझ्या शेजारून गेली. मागून हे आले. मी हात लांब केला असता तर कॉलर हातात आली असती. आणि ह्यांनी मान वळवली नाही! बायको धडधडीत समोर उभी, पिवळ्या साडीत, आणि हा माणूस सरळ त्या लाल पाठीकडे बघत निघून गेला.

"अहो!" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी कपडे उशिरा पोचवणाऱ्या गाडीवाल्यावरही कधी ओरडले नव्हते.

बाईने ब्रेक लावला. हेही थांबले, पाय टेकला, आणि इकडे तिकडे नव्हे तर पुढेच बघत राहिले.

"कोण आहे?" ह्यांनी तिला विचारलं.

"उजवीकडे बघा," ती हळूच म्हणाली. "अजून. अजून वळा."

हे मान वळवायला लागले. वळवत राहिले. मी तिथेच होते, आणि ह्यांचं तोंड माझ्यापाशी येईपर्यंत मी ह्यांच्यासाठी नव्हतेच. मग अचानक दिसले, आणि हे दचकले. घरी दचकायचे तसेच.

बहीण गाडीतून काहीतरी बोलत होती. मी तिला काच वर करायला सांगितली.

काचबिंदू. दोन्ही डोळे. कडेचं गेलं होतं, ते परत येणार नव्हतं. समोरचं तेवढं शिल्लक, तेही औषधाच्या थेंबांनी टिकलं तर. त्या बाईने वर्षापूर्वी तपासताना पकडलं, मोठ्या डॉक्टरांकडे धाडलं. दवाखान्यातून परतल्यावर त्याच आठवड्यात ह्यांनी सायकल घेतली होती. वाटेची कड दिसेनाशी झाली, दोनदा झुडपात पडले, तेव्हा ती आपली सायकल घेऊन पुढे राहायला लागली, लाल जॅकेट घालून, म्हणजे ह्यांना मागोमाग येता येईल. "मी नको म्हणत होते," ती म्हणाली. "पण हे एकटे गेलेच असते. आणि तुम्हाला सांगा म्हणून मी ह्यांना दर रविवारी सांगत होते."

"माळ बघून घ्यायचा होता," हे म्हणाले. "कधी बघितलाच नव्हता."

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. "दिसत नाही याचा राग नाही मला," मी म्हटलं. "हिला ठाऊक होतं आणि मला नाही! तीस वर्षं कुणाच्या शेजारी उभे आहात तुम्ही? हिच्या?"

ह्यांनी चष्मा काढून जर्सीला पुसला. मग म्हणाले, "तिला ठाऊक होतं तोवर तो नुसता आजार होता गं. तुला सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

मी ठरवलं, आता बोलायचंच नाही. निदान महिनाभर अबोला. ह्यांची सायकल त्या बाईने धरली, बहिणीला मी पुढे पाठवून दिलं, आणि आम्ही दोघं पायी उतरायला लागलो, मी ह्यांच्या उजव्या अंगाला, तोंड फुगवून. थोडं खाली गेलो आणि हे थांबले. हात जरासा पुढे केला, हवेत चाचपला.

"आहेस ना?" विचारलं.

आलं लक्षात. मी बाजूने चालत होते, आणि गप्प होते. ह्यांच्या लेखी तिथे कुणीच नव्हतं.

"आहे!" मी म्हटलं. "जाणार कुठे? खड्डा आहे, डावीकडे सरका. काय मेली वाट ही, आणि काय त्या वाऱ्यात बघायचं! आणि ते थेंब कुठे ठेवता? मला न दाखवता घालत होता ना? आता घाला बघू..." असं घरापर्यंत बडबडत गेले, एक क्षण तोंड बंद न करता.