तिसरी रेघ

दस्तगीर मिस्त्री गेल्याचं कळलं तेव्हा मी लेथवर होतो. मशीन बंद केलं, आणि पहिल्यांदा आला तो रागच. तीन आठवडे झाले, अजून उतरलेला नाही. शोकसभेत फौंड्रीच्या शेठनी "असा कारागीर पुन्हा होणे नाही" म्हणत डोळे पुसले, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. याच शेठनी सहा वर्षांपूर्वी भर मैदानात त्याला नालायक ठरवलं होतं.

उद्यमनगरात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान माझ्या शेडला लागूनच. शेठच्या मुलाने दुबईहून रिमोटची गाडी आणवली, दोस्तांशी शर्यत ठरवली आणि गाडीचा वेग वाढवायला ती दस्तगीरकडे दिली. गाडीतल्या मोटारीच्या मागच्या झाकणात वीज पोचवणारे कार्बन बसतात. आर्मेचर, म्हणजे मोटारीचा मधला भाग, फिरतं त्याच्या उलट्या दिशेला ते झाकण किंचित सरकवलं की टायमिंग पुढे येतं; वेग वाढतो, तशी मोटार तापतेही. दस्तगीर हे कानाने लावायचा. जरासं सरकवायचं, आवाज ऐकायचा, पुन्हा मागे घ्यायचं... मोटारीच्या अंगावर मूळ जागेला एक रेघ ओढायची, त्याने लावलेल्या जागेला दुसरी. गाडी मैदानावर मी नेणार होतो, म्हणून मला बजावलं, "ह्याच्याम्होरं न्यायचं न्हाय. पळंल, पण जळंल की."

आणि मी दीडशहाणा. मैदानावर कुणाचं लक्ष नसताना झाकण आणखी पुढे सरकवलं. गाडी अर्धी फेरी सुसाट गेली आणि धूर... शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "मिस्त्रीनं वाटोळं केलं." मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही. संध्याकाळी मुलाने जळकी मोटार दुकानात आणून आपटली, तेव्हा दस्तगीर एवढंच म्हणाला, "माझ्या दुकानातनं गेलेलं काम हाय. चूक माझीच." फौंड्रीचं काम तुटलं, मग बाकीच्यांचंही. पुढे तो टेबलफॅनचं वाइंडिंग भरत बसला. रोज माझ्याबरोबर चहा प्यायचा आणि त्या दिवसाबद्दल एकदाही विचारायचा नाही. याचा मला शेठपेक्षा जास्त राग येतो. चार शिव्या घालायला काय झालं होतं त्याला? मी कबूल तरी केलं असतं.

परवा त्याच्या बायकोने, भाभींनी, त्याचा हत्यारांचा डबा माझ्या हातात दिला. "तुमालाच द्या म्हनलं हुतं ह्येंनी," म्हणाल्या. तळाशी ती मोटार होती. दोन रेघा ओळखीच्या. तिसरी त्याने नंतर ओढलेली, मी झाकण जिथे सोडलं होतं बरोबर तिथे.

डबा आता लेथशेजारी असतो. मोटारीचं झाकण मागे, त्याच्या रेघेवर घ्यावं म्हणून रोज हात जातो. घेत नाही.