वास्तुशांतीच्या वाट्या

बिल्डर म्हटलं की मला शिसारी येते. टूरवाला म्हटलं की त्याहून जास्त, कारण एक टूरवाला माझ्याच घरात जन्माला आलेला आहे.

मी सातवी पास. मानपाड्याला एमआयडीसीत एका डाईंगच्या कारखान्यात जन्म घालवला. नखं कधी निळी, कधी लाल. धंदा बसला तेव्हा मालकाने आम्हाला पेढे वाटून घरी पाठवलं. पेढे! माझ्या वाटचे मी गेटवरच्या कुत्र्याला घातले. त्यामुळे मंदी म्हणजे काय, हे मला टीव्हीवरच्या टायवाल्याने समजावायची गरज नाही.

स्वतःचं घर आमचं कधी झालं नाही. डोंबिवली पूर्वेलाच या खोलीतून त्या खोलीत. करार अकरा महिन्यांचा. अकरावा लागला की मालक दारात हजर. "काका, मुलाचं लग्न काढलंय, खोली लागेल." कसलं लग्न नि कसलं काय. भाडं वाढवून पाहिजे असतं, ते तोंडाने बोलायची लाज, म्हणून मुलाला बोहल्यावर चढवायचं. एका मालकाने एकाच मुलाचं लग्न आम्हाला दोनदा सांगितलं. माझी बायको त्याला म्हणाली, "का हो, पहिली सून पळाली का?"

जीभ तिची तशीच होती. पण सामान बांधायला घेतलं की गप्प व्हायची. देव सगळ्यात शेवटी उचलायची आणि नव्या खोलीत सगळ्यात आधी मांडायची. आणि भिंतीत खिळा म्हणून कधी ठोकला नाही तिने. "परक्याची भिंत आहे," म्हणायची. आमचं कॅलेंडर उभा जन्म कपाटाच्या कडीला लटकलं. लग्नातला फोटो पेटीत. ती एकदा म्हणाली, "अहो, मला एकदा माझ्या भिंतीत खिळा ठोकायचाय. मग मेले तरी चालेल." मी म्हटलं, खिळ्यासाठी कोण मरतं?

मुलगा ठाण्याला एका टूर कंपनीत लागलेला. लोकांना बँकॉक, दुबई, सिंगापूर विकायचा, स्वतः अजून विमानात बसला नव्हता. एका रविवारी तो गुळगुळीत कागद घेऊन आला.

"बाबा, स्कीम आहे. आमची कंपनी आणि एक बिल्डर मिळून. खास म्हाताऱ्या माणसांसाठी बिल्डिंग. मोहन्याच्या पुढे, नदीच्या अंगाला. बाथरूममध्ये धरायला दांडी, खाली डॉक्टर, दसऱ्याला ताबा."

"दांडी मी इथेही लावून देतो," मी म्हटलं.

"आणि बुकिंग करणाऱ्या जोडीला नेपाळ फुकट. पशुपतिनाथ, आई! पासपोर्टपण लागत नाही."

बायको म्हणाली, "पासपोर्ट लागत नाही मग तो कसला रे परदेश? वसईसारखंच झालं की." पण कागद तिने हातातून सोडला नाही.

माजिवड्याला त्या बिल्डरचं ऑफिस होतं. आत इतकी थंडी की तिने पदर डोक्यावरून घेतला. काचेच्या पेटीत बिल्डिंगचं खेळणं मांडलेलं. बाकावर प्लॅस्टिकचे म्हातारा-म्हातारी, हातात हात घालून. आम्ही रस्त्यावर कधी शेजारी चाललो नाही, ही नेहमी माझ्या मागे चार पावलं. एक पोरगेला एजंट, केसांना चकाकणारं काहीतरी फासलेलं, आमच्या पुढेमागे करत होता. काकू पाणी घ्या, काकू इथे बसा. तो बाल्कनी दाखवत होता, योगा हॉल दाखवत होता. तिने मध्येच विचारलं, "भिंती कसल्या आहेत? खिळा बसेल ना?"

"काकू, खिळा काय, ड्रिल मारा बिनधास्त! तुमचीच भिंत आहे."

त्या एका वाक्यावर आम्ही विकले गेलो. कारखान्याचा मिळालेला फंड गेला, तिचं सोनं गेलं. त्याचं मला काही वाटत नाही. सोनं ती तशीही घालत नव्हती.

घरी येऊन दुसऱ्याच दिवशी ती कल्याणला भांड्यांच्या बाजारात गेली. वास्तुशांतीला येणाऱ्या बायकांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? स्टीलच्या एक्कावन्न वाट्या घेतल्या आणि नावं घालायला दिल्या. वर आम्हा दोघांची नावं, खाली "वास्तुशांतीनिमित्त सप्रेम भेट, विजयादशमी". नावं घालणाऱ्याने विचारलं, साल कोणतं घालू? ही म्हणाली, "साल नको घालूस रे बाबा. बिल्डरचा काय भरवसा!" मी बाजारात उभा राहून हसलो. मूर्ख.

तो दसरा आला आणि गेला. आधी मुलाच्या ऑफिसातले बँकॉकचे ग्रुप रोडावले, मग दुबईचे. डॉलर चढला, तिकिटं चढली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. फिरतो कोण? दर वर्षी परदेशातले फोटो टाकून आमच्या सुनेला जळवणारी तिची मैत्रीण अलिबागला जाऊन आली आणि गप्प बसली. पैसे भरणाऱ्यांच्या गाड्या भरेनात, तिथे फुकटातल्या म्हाताऱ्यांना नेपाळ कोण दाखवतो? नेपाळसाठी हिने बूट घेतले होते, लेस नसलेले. ते खोक्यातच राहिले. एक दिवस मुलाच्या ऑफिसचं शटरच वर गेलं नाही.

तिकडे बिल्डिंगही थांबली. निम्मी घरं परदेशातल्या पोरांनी आईबापांसाठी घेतलेली. आईबाप दृष्टीआड राहावेत आणि दांडी धरून उभे राहावेत, म्हणून. आखातातल्या, अमेरिकेतल्या त्या पोरांच्या नोकऱ्या हलल्या तसे त्यांनी हप्ते बंद केले. हप्ते बंद, काम बंद. एजंट फोनवर म्हणायचा, "मार्केट स्लो आहे, काका." दर वेळी तेच. गोगलगाय पाळल्यासारखा बोलायचा.

मुलगाही तेच. "बाबा, पूर्ण जगात स्लो आहे."

"जगाचं मला काय सांगतोस? तुझ्या आईने खिळा कुठे ठोकायचा ते सांग."

 बेकार झालेल्या पोराला किती बोलणार? पण राग यायचा. अजून येतो.

एकदा आम्ही दोघं बघून आलो. चार मजले उभे होते. सळया गंजलेल्या, खालच्या मजल्यावर वॉचमनच्या शेळ्या. योगा हॉलमध्ये लेंड्याच लेंड्या. आमचं घर सहाव्या मजल्यावरचं. हिने मान वर करून चौथ्याच्या वरचं आभाळ बघितलं आणि म्हणाली, "हवा मात्र चांगली आहे." मी तिथेच थुंकलो. ती म्हणाली, "आपल्याच घरात थुंकताय की हो."

त्यानंतर आम्ही अजून दोनदा खोली बदलली. वाट्यांचा खोका प्रत्येक वेळी बरोबर. दसरा आला की ती खोका काढायची, वाट्या पुसायची, परत रचायची. "साल नाही घातलं ते बरं केलं ना?" विचारायची. दुसऱ्या दसऱ्याला तिचे पाय सुजलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय वाढलंय. तिसऱ्याला ती खाली बसू शकली नाही. मी वाट्या पुसल्या आणि ती पलंगावरून सांगत होती, कडेला डाग राहिलाय, तिथे.

शेवटी दवाखान्यात नाकाला नळी लावलेली असताना मला म्हणाली, "आता खोली बदललीत तर खोका माळ्यावर टाकू नका. मला काढता येणार नाही." मी म्हटलं, नाही टाकत. हे आमचं शेवटचं बोलणं. नवरा-बायकोचं शेवटचं बोलणं खोक्यावर व्हावं, याचा राग कोणावर काढू?

ती गेली त्याच्या तिसऱ्याच दिवशी खोलीचा मालक आला. हात जोडले, मान हलवली आणि मग मुद्द्यावर आला. "काका, तेराव्याचं मात्र खोलीत करू नका. पुढे भाडेकरू मिळायला त्रास होतो."  तेरावा गच्चीवर केला, पाण्याच्या टाकीशेजारी.

पंगत उठायच्या आत मी खोका वर आणला. मुलगा धावत आला.

"बाबा, काय करताय? यावर वास्तुशांत लिहिलंय. तेराव्याला कोणी देतं का?"

"आईने वाटायला घेतल्या होत्या. मी वाटतोय."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, आधी घर द्या, मग बोला."

बायका वाटी हातात घ्यायला कचरत होत्या. एकीने नाव वाचलं आणि वाटी हळूच पंगतीच्या पत्रावळीखाली सरकवली. माझी बहीण साताऱ्याहून आलेली. तिने पुढे होऊन पहिली वाटी घेतली, कपाळाला लावली आणि पिशवीत टाकली. म्हणाली, "वहिनीने बोलावलं होतं मला वास्तुशांतीला. आले म्हणायचं." मग बाकीच्यांनी मुकाट्याने घेतल्या.

तेवढ्यात तो एजंट गच्चीवर आला. मुलाने कळवलं असणार. केसांना तेच फासलेलं. खीर खाल्ली, दुसऱ्यांदाही मागून घेतली. मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून म्हणाला, "काका, फार वाईट झालं. काकू म्हणजे अगदी आईसारख्या. बरं, एक सांगायचं होतं. काम परत सुरू होतंय. थोडा फरक भरायचा. आणि आता तुम्ही सिंगल झालात ना, तर तुम्हाला लहान घर बसेल. नदीकडचं नाही, पण स्वस्तात."

सिंगल. तेराव्या दिवशी.

मी त्याच्या हातात एक वाटी दिली. त्याने उलटीसुलटी केली, वाचली, आणि त्याचा चेहरा एकदम पडला. मला वाटलं, कळलं बिचाऱ्याला. तो म्हणाला, "काका, घर झालं तुमचं? दुसरीकडे घेतलंत? कुठल्या बिल्डरकडे? निदान मला सांगायचं तरी!"

मी वाटी त्याच्या हातातून काढून घेतली. "ऊठ," म्हटलं. "जिना तिकडे आहे." मुलगा मध्ये पडायला लागला, त्यालाही म्हटलं, तुलाही त्याच्याबरोबर जायचं असेल तर जा. तो नाही गेला. टाकीला टेकून रडत बसला. तेवढं एक त्याच्या बाजूने लिहितो.

ते लहान घर मी घेतलं नाही. घेणारही नाही. मुलगा सारखा म्हणतो, बाबा, आईची इच्छा होती. तिची इच्छा होती तेव्हा घर हवेत होतं, आता माझ्या नरड्यात कशाला घालता?

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतून लग्नातला फोटो काढला. ती त्यात अंग चोरून उभी आहे, माझ्या मागेच. खालच्या दुकानातून दोन इंची खिळा आणला आणि पलंगासमोरच्या भिंतीवर ठोकायला घेतला. पहिल्याच घावाला चुना खाली आला. तिसऱ्याला मालक दारात आला.

"काका! भिंतीला भोक पाडताय? हे डिपॉझिटमधून कापीन हां मी."

"कापा," मी म्हटलं, आणि चौथा घाव घातला.