सेंट लुइसचा अर्ज

काल जुन्या पत्रकांचा गठ्ठा सोडला. शाईच्या वासासरशी हिंगणघाटची ती दुपार आठवली. सुशीलाचा एकुलता भाऊ अमेरिकेत, सेंट लुइसला होता. त्याच्याकडे महिनाभर राहायचं, मिसिसिपीत बोटीनं फिरायचं, असं आम्हा नवराबायकोचं ठरलं होतं. व्हिसाच्या अर्जात लाल झेंड्याच्या पक्षाशी संबंध आहे का, असं विचारलं होतं.

"नाई लिहा. तिथं कोन पाहून राह्यलं?" सुशीला म्हणाली.

मी ताठ मानेनं 'होय' लिहिलं. ती माझ्या पत्रकांच्या घड्या घालायची, म्हणून तिच्या अर्जातही तेच लिहिलं.

दोघांनाही नकार आला. तेव्हा मला अभिमानच वाटला. चार वर्षांनी भाऊ तिकडेच वारल्याची तार आली.

"तत्त्व तुमचं होतं," ती म्हणाली. "भाऊ माहा होता."