पेपर मिस्त्री

पेपर मिस्त्रींना मराठी वाचता येत नव्हतं, पण त्यांच्या काखेत सदा मराठी पेपर असायचा. घट्ट गुंडाळलेला आणि मधोमध सुतळीनं बांधलेला. नवीन माणसाला वाटायचं, काय वाचायची आवड आहे! मग मिस्त्री गाडी तापेपर्यंत चालू ठेवायला लावायचे, बोनेट उघडायचे आणि ती गुंडाळी सरळ फिरत्या फॅनमध्ये घालायचे. फर्रर्र आवाज व्हायचा, कागदाच्या चिंध्या अंगणभर उडायच्या. मिस्त्री खूश व्हायचे. "चांगला हाय. कागद खातोय." फॅन थांबला तर मात्र तोंड वाकडं करायचे. "पेपरला भिऊन थांबतोय ह्यो. घाटात काय करणार?"

पिरनवाडीत आमच्या घरापुढं रस्त्याला लागून पत्र्याची शेड आहे. तिथं त्यांचं गॅरेज होतं. ते डिझेल पिकअपचंच काम घ्यायचे. जुन्या पिकअपमध्ये इंजिन थंड ठेवणारा फॅन इंजिनच्याच जोरावर, बेल्टनं फिरतो. त्याच्या मागं एक चपटा डबा असतो, त्याला फॅन क्लच म्हणतात. इंजिन तापलं की तो फॅनला घट्ट धरतो, निवलं की सैल सोडतो. जुना झाला की धरत नाही, आणि ते ओळखायला मिस्त्रींचा पेपर. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं. मी चौथी शिकलेली बाई, गाडीतलं मला काय कळणार होतं? पण चहा द्यायला गेले की ते मला समजावून सांगायचे, आणि माझ्या नवऱ्याला ओरडायचे.

ओरडायचे ते सगळ्यांनाच. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणाऱ्या एका ड्रायव्हरला म्हणाले, "थांब, तुजं डोस्कं बी तापलंय. आदी त्येच्यावर ओततो." माझा नवरा गाडीला काय झालंय ते स्वतःच सांगायला लागला की ठरलेलं वाक्य यायचं, "बोनेट उघडायच्या आदी तोंड बंद कर रं." मला मात्र कधी मोठ्यानं बोलले नाहीत. वयानं माझ्या वडिलांएवढे, तरी मला आक्का म्हणायचे.

ते बैलहोंगलाकडचे. शाळा झाली ती कन्नडमध्ये. मराठी बोलायचे आमच्यासारखंच, पण अक्षर ओळखायचे नाहीत. शेजारच्या चहावाल्याकडचा आदल्या दिवसाचा पेपर त्यांना मिळायचा. तो गुंडाळायच्या आधी माझ्याकडं द्यायचे आणि म्हणायचे, "ओद्री आक्का." म्हणजे वाचा. मी लोकांसमोर मान वर न करणारी. पहिल्यांदा वाचलं ते पेपर तोंडापुढं धरून, चेहरा दिसू नये म्हणून. लग्नानंतर हातात कागद धरलाच नव्हता. जोडाक्षर आलं की अडायचे. मिस्त्री हात पुसत उभे राहायचे, घाई करायचे नाहीत. पाऊस कुठं झाला, रताळ्याला काय दर निघाला, सगळं ऐकायचे. अपघाताची बातमी आली की, "परत वाचा. घाट कुठला म्हणाले?" वाचून झालं की पेपर घेऊन गुंडाळायचे. "चला, आता ह्याला खायला घालूया." आज मी हे लिहिते आहे ते त्या वाचण्यामुळं. नाहीतर सही करण्यापुरतीच उरले असते.

माझा नवरा गोव्याला रताळी आणि बटाटे घेऊन जातो, येताना नारळ भरून आणतो. नवरा असं लिहिते आहे, त्याला अरेतुरे करते आहे. तोंडावर कधी केलं नाही. इथं करणार.

हे घडलं त्या वर्षी बाजारातल्या दोनचार पिकअपवाल्यांनी बेल्टचा फॅन काढून करंटवर चालणारा बसवून घेतला. इंजिनावरचा भार कमी होतो, गाडी ओढते, डिझेल वाचतं, असं सगळे सांगायचे. मिस्त्री त्याच्या विरुद्ध नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं लोकांनी तसंही उठवलं. कंपनीनंच करंटचा फॅन घालून पाठवलेली एक नवी पिकअप त्यांच्याकडं आली होती. तिच्यापुढं ते अर्धा तास वाकून उभे होते. "काय काम केलंय बगा आक्का. वायर जाड, करंट तयार करणारा अल्टरनेटर मोठा. गरज लागली तर फिरतोय, न्हायतर गप बसतोय. लई शाणा हाय." मग आमच्या गाडीच्या रेडिएटरवर थाप मारून नवऱ्याला म्हणाले, "हिला ते न्हाय सोसायचं. हिचा करंटच तेवढा न्हाय. आणि टेंपरेचरचा काटा वर्षभर मेलाय, तो बदलत न्हाईस. घाटात फॅन बंद पडला तर तुला कोण सांगणार? तुजी सासू?"

शेडमधले सगळे हसले. नवराही हसला. आणि दुसऱ्याच आठवड्यात जाऊन करंटचा फॅन बसवून आला.

बसवला तो नणंदेच्या नवऱ्यानं. त्यांचं शहापुरात गाड्यांच्या सजावटीचं दुकान आहे. सीटकव्हर, दिवे, टेप. ते आमच्या घरचे जावई. ते घरी आले की सासूबाई मला दोन भाज्या जास्त करायला लावतात. त्यांनी बसवलेल्या वस्तूला आमच्या घरात कोण नाव ठेवणार?

गाडी दारात आली तशी मिस्त्री शेडमधून उठून आले. कोणी बोलावलं नव्हतं. बोनेट उघडून फॅनची वायर दोन बोटांत धरली आणि मला दाखवली. "ही बगा आक्का. घरातल्या बल्बला असली वायर असती." मग नवऱ्याला म्हणाले, "ह्या फॅनवर घाट चढू नको. जुना फॅन कुटं हाय? आण, सकाळी परत बसवून देतो."

"जावयानं बसवलाय मिस्त्री. काढून कसा टाकू?"

"जावई काय रेडिएटरात बसणार हाय काय?"

नवरा चिडून आत गेला. मिस्त्रींना रेडिएटरच्या खालच्या पाइपला थेंब दिसला. तो काही नव्या फॅनचा दोष नव्हता, पण दिसल्यावर ते सोडतील कसे? त्यांनी क्लिप आवळली, पुसून बघितली आणि मला सांगितलं, "आक्का, खाली एक पेपर टाका. सकाळी बगा. हिरवा डाग दिसला तर गाडी सोडू नका. रेडिएटरातल्या पाण्याचा, कूलंटचा डाग वाळला तरी जात न्हाय, फसवायचं न्हाय तुमाला." मी पेपर टाकला आणि मिस्त्रींनी पाइप आवळलाय ते नवऱ्याला सांगितलं. सकाळी बघितला. कोरडा होता, एक टिपका नव्हता. मी त्याची घडी करून ठेवून दिली, मिस्त्री आले की दाखवावा म्हणून. ते यायच्या आधीच गाडी गेली.

ते मे महिन्याचे दिवस होते. जाताना काही झालं नाही. येताना नारळ भरून चोर्ला घाट चढताना वायर वितळली, फॅन थांबला. मेलेला काटा काही बोलला नाही. कणकुंबीच्या अलीकडं इंजिन जाम होऊन गाडी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एका ट्रकमागं बांधून आमच्या अंगणात आणली.

अंगणात दहाबारा माणसं जमली. मिस्त्रींनी बोनेट उघडलं आणि वितळून गोळा झालेली वायर सगळ्यांना दाखवली. तेवढ्यात जावई आले, इस्त्रीच्या शर्टात; नवऱ्यानं फोनवर त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. वायरकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "रेडिएटरात पाणीच न्हाय. फॅन काय करणार? गाडी निघायच्या आदल्या दिवशी पाइपला हात कुणी लावलता?"

सगळे मिस्त्रींकडं बघायला लागले. मिस्त्री नवऱ्याला म्हणाले, "पाणी उकळून गेलंय रं. तू सांग की, मी काय म्हणालतो." नवरा जमिनीकडं बघत म्हणाला, "पाइप तुमीच आवळलासा, एवढं खरं." माझ्या नवऱ्याला सगळं माहीत होतं. तरी तो हे बोलला. जावयाचं नाव जाऊ नये म्हणून त्यानं एका म्हाताऱ्याचं नाव घालवलं, आणि तेही खोटं न बोलता, अर्धंच खरं बोलून.

तेव्हा मिस्त्री माझ्याकडं वळले. दारात मी पदर धरून उभी होते. म्हणाले, "आक्का, तुमी सांगा. पेपर ओला होता काय कोरडा?"

एक शब्द बोलायचा होता. सासूबाई मागून म्हणाल्या, "आत जा गं, दूध उतू जाईल."

शेगडीवर दूध नव्हतं. मी आत गेले.

त्यानंतर मिस्त्रींकडं गाड्या येईनात. पाइप सैल ठेवून इंजिन घालवणारा मिस्त्री, अशी बोंब बाजारभर झाली. जावई दुकानात बसून ती रंगवून सांगायचे. "बाहेरचा माणूस, त्याला आपल्या गाडीचं काय," असंही कोणीतरी म्हणालं. अकरा वर्षं ज्यानं सगळ्यांच्या गाड्या घाटावर चढवल्या, तो एका दिवसात बाहेरचा झाला. पावसाळा संपायच्या आत त्यांनी हत्यारं पेटीत भरली. निपाणीला लेक दिलेली, तिच्याकडं जाणार होते. जाताना पेपरची रद्दी माझ्या ओट्यावर ठेवली. "वाचत जावा आक्का. सोडू नका." मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं. सगळ्या जगाला ओरडायचे, मला एकदा ओरडायला काय झालं होतं? पेटी उचलून निघून गेले.

चार वर्षांनी चहावाल्यानं सांगितलं, मिस्त्री वारले. लोक काय म्हणतील म्हणून नवरा त्यांच्या लेकीला भेटायला जायला तयार झाला. नव्या पिकअपमधून गेलो. हिला कंपनीचा करंटचा फॅन आहे, चांगला चालतो. वाटेत नवरा म्हणाला, "बघ, हिला बी करंटचाच हाय. मिस्त्री उगंच भीती घालायचे." मला त्याच्या हातातलं स्टेअरिंग ओढून घ्यावंसं वाटलं. मी पिशवी छातीशी धरून बसले.

निपाणीला कळलं, मिस्त्री शेवटची वर्षं तंबाखूच्या एका वखारीवर राखण करत होते. इंजिनाचा आवाज ऐकून आजार सांगणारा माणूस बंद दारापुढं स्टुलावर बसून होता. त्यांची लेक माझ्याच वयाची. तिनं चहा दिला आणि माझे हात धरले.

"आक्का, आमच्या बाबांना माफ करा."

"मी? कशाला?"

"तुमच्या गाडीचं इंजिन त्यांच्या हातनं गेलं म्हणून. आदी म्हणायचे, मी क्लिप चांगली आवळलती. मग म्हणायला लागले, आक्का खोटं बोलणाऱ्यातल्या न्हाईत. मी विचारल्यावर गप ऱ्हायल्या, म्हंजे पेपर ओलाच असणार. मला वाईट वाटू नये म्हणून आत गेल्या. म्हातारपणी माजा हात सैल पडला असंल."

त्या दिवसापासून मी समजत होते, मिस्त्रींना खरं माहीत आहे आणि ते माझ्यावर रागावलेत. ते रागावले नव्हतेच. माझ्या गप्प राहण्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता, आणि स्वतःच्या हातावरचा विश्वास सोडला होता.

नवरा उठला. "चल, उशीर होतोय."

"थांबा," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. बाहेरच्या खोलीतली माणसं बघायला लागली. मी पिशवीतून त्या रात्री गाडीखाली टाकलेला पेपर काढला, घडी उघडली आणि लेकीच्या मांडीवर पसरला. ती वाचायला लागली, वरची तारीख, मग बातम्या.

"वाचू नको गं," मी म्हणाले. "बघ नुसता. डाग हाय काय कुठं? कोरडा हाय. त्या सकाळी पण कोरडाच होता. तुझ्या बाबांचा हात सैल पडला नव्हता. फॅनची वायर वितळली, आणि ती कुणाच्या हातची ते ह्यांना माहीत हाय."

नवऱ्यानं मान खाली घातली. लेक पेपरवरून हात फिरवत राहिली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. नंतर वर बघून तिनं मला विचारलं,

"एवढी वर्षं कुटं होता हा, आक्का?"

"ट्रंकेत," मी म्हणाले.