मंडळाचं यंत्र, श्रावणातली हवा

नाशकात आम्हा पदार्थविज्ञान शिकवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. सगळे मिळून अकरा सभासद. त्यातले दोघे इतिहास शिकवायचे, पण फराळाला न चुकता हजर असायचे, म्हणून त्यांना कुणी काढलं नाही. नियमावलीतलं पहिलं कलम होतं, शास्त्रशिक्षकांच्या अडीअडचणीला त्यांच्या पाठीशी उभं राहणं. ते कलम मीच वळणदार अक्षरात लिहून काढलं होतं, कारण मी चिटणीस होतो. वय तिशीच्या आत, डोक्यावर नवी टोपी आणि जिल्ह्यातलं शास्त्र आपणच सांभाळतो आहोत अशी गोड समजूत.

अध्यक्ष एका मोठ्या शाळेचे हेडमास्तर, रविवार कारंजाजवळ राहायचे. त्यांनी एखादा प्रयोग स्वतःच्या हाताने केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, पण प्रयोगाच्या महत्त्वावर बोलायला उभे राहिले की बशीतले पोहे गार व्हायचे. मंडळाची एकुलती एक मालमत्ता त्यांच्याच दिवाणखान्यात असायची, ती म्हणजे काचेच्या दोन तबकड्यांचं विद्युत्यंत्र. दांडा फिरवला की तबकड्या एकमेकींच्या उलट फिरायच्या आणि पितळेच्या दोन गोळ्यांमध्ये निळी ठिणगी तडतडायची. यंत्र आणवलं होतं शाळांना उसनं द्यायला. प्रत्यक्षात ते विणलेल्या रुमालाखाली झाकून असायचं आणि मागायचं तर आधी अर्ज, अर्जावर ठराव, ठरावाला अनुमोदन. आम्ही शहाणे लोक हे सगळं गंभीर चेहऱ्याने करत असू.

त्या वर्षी मंडळात एक तरुण शिक्षक आला. मालेगावच्या मुसलमान विणकराचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. एका शाळेने त्याला हंगामी घेतलं होतं. श्रावणात इन्स्पेक्टर येणार, त्याचा पाठ बघणार आणि शेरा चांगला पडला तरच शाळा त्याला कायम करणार होती. नाही तर घरचा रस्ता. त्याने भिंगावरचा पाठ तयार केला होता. मी एकदा मागे बसून तो ऐकला होता. इतक्या वर्षांत मला तसा पाठ एकदाही जमलेला नाही.

पण इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हटल्यावर अध्यक्षांच्या अंगात आलं. साहेबांना मंडळाचं यंत्र दिसलं पाहिजे, मंडळाचं कार्य दिसलं पाहिजे! त्यांनी तातडीची सभा बोलावली आणि होतकरू शिक्षकाला मंडळाने हात द्यावा, त्याचा पाठ विजेवर व्हावा, यंत्र आपण देऊ, असा ठराव मांडला. त्याच्या हेडमास्तरांचा होकार त्यांनी आधीच मिळवून ठेवला होता.

तो उभा राहिला.

"अध्यक्षमहाराज, आपली मेहेरबानी आहे. पण श्रावणात हे यंत्र चालणार नाही. हवा ओली आहे, काचेवर दमटपणा बसतो आणि वीज साठायच्या आत निघून जाते. आमच्या घरी मागाला ही हवा मानवते, सूत तुटत नाही. यंत्राचं उलटं आहे, त्याला कोरडी हवा लागते. मला भिंगाचाच पाठ घेऊ द्या."

इतिहासवाले दोघे सोडले तर खोलीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. आम्ही ते दरवर्षी फळ्यावर लिहून देत होतो. दिवाणखान्याच्या भिंतींना बुरशी आली होती आणि कोपऱ्यात एक सभासद तिसरी काडी ओढूनही विडी पेटवू शकला नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "नव्या माणसाने आत्मविश्वास ठेवावा. यंत्र उत्तम आहे." कुणीतरी अनुमोदन दिलं. बाकीचे पोह्यांकडे बघत बसले. मी 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं आणि शाई वाळेना म्हणून दोनदा टिपकागद दाबला.

पाठाच्या दिवशी आम्ही कोटावर मंडळाचे बिल्ले लावून मागच्या बाकांवर ओळीने बसलो. त्याने बिचाऱ्याने सकाळपासून यंत्र शेगडीजवळ ठेवून शेकलं होतं. वर्गात आणून दांडा फिरवला. तबकड्या घरघरल्या, एक बारीकशी टिचकी ऐकू आली आणि मग काहीच नाही. त्याने कोरड्या फडक्याने काच पुसली, पुन्हा फिरवलं. मुलं हसायला लागली. तेव्हा त्याने दांडा सोडला आणि ठिणगी का पडत नाही ते मुलांना शांतपणे समजावून सांगितलं. त्या दिवशी त्या वर्गात जे काही शास्त्र झालं ते एवढंच. पण इन्स्पेक्टरसाहेब संस्कृतचे पदवीधर. त्यांनी वळून अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष हळहळल्यासारखं करून म्हणाले, "आमच्याकडे तर चालतं बुवा."

शेरा पडला, शिक्षकास उपकरण हाताळता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्या शाळेत आला. अंगावरचा कोट निथळत होता.

"मास्तर, फक्त एक ओळ लिहून द्या. ओल्या हवेत हे यंत्र चालत नाही, बस्स. खाली चिटणीस म्हणून तुमची सही. साहेब अजून दोन दिवस नाशकात आहेत. मंडळाचा कागद पाहिला तर माझा पाठ पुन्हा बघतील."

"हे मंडळापुढे ठेवावं लागेल," मी म्हणालो. "चिटणिसाला असं परस्पर लिहिता येत नाही."

असा कुठलाही नियम नव्हता. नियमावली माझ्याच हातची होती, मला नाही तर कुणाला माहीत असणार? खरी गोष्ट अशी की अध्यक्षांच्या शाळेत वरची एक जागा रिकामी होणार होती आणि माझा तिच्यावर डोळा होता. त्या क्षणी मला माझी लाज वाटली. ती गिळून मी टोपी नीट केली.

त्याने कोटाची ओली बाही पिळली. मग म्हणाला, "मास्तर, हवा ओली आहे की कोरडी, हेही आता मंडळ ठरवणार?"

उत्तराची वाट न बघता तो पावसात निघून गेला. दिवाळीआधी शाळेने त्याला मोकळं केलं. तो मालेगावला परतला आणि वडिलांच्या मागावर बसला, असं कानावर आलं. मंडळाने खेद व्यक्त करणारा ठराव केला. तोही सर्वानुमते.

पुढची सभा मार्गशीर्षात भरली. नाशकातली कडाक्याची थंडी, ओठ फुटतील इतकी कोरडी हवा. देवळ्याहून नुकताच बदलून आलेला एक नवा सभासद होता, त्याला दाखवायला म्हणून अध्यक्षांनी स्वतः दांडा फिरवला. बोटभर लांब ठिणगी कडाडली. टाळ्या पडल्या. नवा माणूस भाबडेपणाने म्हणाला, "पावसाळ्यात बी असंच चालतं का हो हे?"

अध्यक्ष पोट धरून हसले. "अहो, पावसाळ्यात कसं चालेल? काचेवर ओल धरते, वीज टिकणार कशी? मॅट्रिकच्या पोरालासुद्धा कळतं हे!"

सगळा दिवाणखाना हसला. मीही हसलो.