डाव्या सीटवरचा डेस

डेस मॉनाहनला एक वेळ गप्प बसवता येईल, पण नुसतं बसवणं आजवर कुणालाच जमलेलं नाही. आमच्या हेफील्डच्या लाकूड गिरणीत तो ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे सावलीत आडवे व्हायचे आणि हा पठ्ठ्या टायरांना लाथा मारत ट्रकभोवती घिरट्या घालायचा. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसतो, म्हणजे प्रवचन लांबलं की सटकता येतं. स्वतःच्या लग्नातसुद्धा केक कापायच्या आधी तो दोनदा बाहेर जाऊन गाडीचं इंजिन बघून आला, असं नोला सांगते. नोला त्याची बायको. हे सांगताना ती हसते, पण फार हसत नाही.

या माणसाचा जीव एकाच गोष्टीत रमायचा. नोव्हेंबरात, म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडावर, डोंगरातल्या वाटांना हिवाळ्यात घातलेली कुलुपं निघाली, की जुनी लँडक्रूझर शेडमधून काढायची आणि वर जायचं. गुराख्यांच्या वाटा, ओंडके उतरवायला कुणीतरी कधीतरी पाडलेल्या वाटा, नकाशावर नुसत्या ठिपक्यांनी दाखवलेल्या आणि पुढे ठिपकेही संपलेल्या वाटा. "ही कुठे जाते बघू या," म्हणायचं आणि घुसायचं. बहुतेक वेळा ती कुठेच जात नसे. एखाद्या कड्यावर संपायची आणि मग तेवढंच अंतर रिव्हर्समध्ये मागे यावं लागायचं. डेसला त्याचं काही नसे. उन्हाळाभर तो घरी यायचा तो कपडे बदलण्यापुरता.

शेजारी नोला. मांडीवर नकाशा, पायाशी चहाचा थर्मास, आणि गेट आलं की उतरायचं काम तिचं. आमच्याकडे रिवाजच आहे तो. चालवणारा गेटसाठी उतरत नाही. डावीकडे बसलेल्याने उतरायचं, गेट उघडायचं, गाडी जाऊ द्यायची, गेट होतं तसं लावायचं आणि येऊन बसायचं. नोला परत येऊन दाराला हात लावणार, तेवढ्यात डेस गाडी चार हात पुढे घ्यायचा. ती पुन्हा आली की पुन्हा चार हात. "अरे थांब ना, मेल्या!" ती ओरडायची आणि डेस स्टिअरिंगवर डोकं टेकून खो खो हसायचा. अख्खा संसार झाला, पण हा विनोद त्याला कधी शिळा वाटला नाही.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या नजरेच्या मधोमध डाग धरला. "कडेचं दिसत राहील, समोरचं जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाडी आता बंद."

"बाई, गाडीला समोरचंच तर लागतं," डेस म्हणाला.

लायसन त्याने स्वतः नेऊन दिलं, किल्ली मात्र खिशातच ठेवली. रोज सकाळी शेडमध्ये जाऊन इंजिन चालू करायचा आणि आत बसून राहायचा. एकदा बॅटरीचं निमित्त काढून त्याने गाडी गल्लीत नेली आणि शेजारच्या बर्निसबाईंची पत्रपेटी खांबासकट आडवी केली. पेटीच्या जागी बर्निस असती तर, हे नोलाने त्याला एकदाच विचारलं. किल्ली काढून घेतली आणि गाडी घ्यायला एक गिऱ्हाईक शोधलं. ट्रॅराल्गन गावचा एक पोरगा शनिवारी गाडी न्यायला येणार असं ठरलं.

डेस तोंडातून चकार शब्द काढेना, पण त्याच्या पायांना भिंगरी लागली. स्वयंपाकघर, अंगण, शेड, परत स्वयंपाकघर. पिंजऱ्यातल्या जनावराला बघवत नाही तसं नोलाला ते बघवेना. गुरुवारी सकाळी तिने सँडविच बांधली, शेडमध्ये गेली आणि लँडक्रूझरच्या उजव्या दारातून आत चढली. पोरवयात बापाच्या शेतावर तिने ट्रॅक्टर हाकला होता, गावात तिची छोटी गाडी ती रोज चालवायची. ही गाडी डोंगरात मात्र कधी चालवली नव्हती, कारण तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"बस," ती म्हणाली. "कूपरच्या धारेवर जायचं, वरच्या खोपीत चहा प्यायचा आणि परत यायचं. जमलं, तर त्या पोराला मी नाही म्हणून कळवते."

"आणि नाही जमलं तर?"

"चालवायचं कसं ते माझं मी बघीन. बसायचं कसं ते तू बघ. ब्रेक, क्लच, डावं, उजवं, यातला एक शब्द जरी तुझ्या तोंडून निघाला, तर जिथे असू तिथून माघारी. शनिवारी गाडी गेली."

"आणि आग लागली तर?"

"तर 'आग' म्हण. तेवढं चालेल."

लिकोलाच्या रस्त्याला लागेपर्यंतच डेसची पुरती दशा झाली. उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता, डावा हात दाराची मूठ पिळत होता. वळण आलं की तो अख्खा वळायचा. नोला गिअर बदलायला क्षणभर उशीर करायची आणि याच्या कपाळावर घाम. काच वर केली, खाली केली. टोपी काढली, घातली. तोंडात गोळी टाकली ती कडाकडा चावून संपवली.

"खिडकी मोडशील," नोला म्हणाली.

"हवा खातोय."

डांबर संपलं, कुरणं लागली आणि पहिलं गेट आलं. नोलाने गाडी थांबवली. डेस समोर बघत बसला. चावऱ्या माश्या आत शिरल्या.

"का थांबलीस?" डेसने विचारलं.

"गेट आहे."

"मग?"

"डेस, डावीकडे कोण बसलंय?"

त्याने स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं, मग तिच्याकडे. एक शिवी तोंडात आली होती ती गिळून तो उतरला. साखळीकडे सरळ बघितलं तर ती डागात गडप व्हायची, म्हणून मान तिरकी करून चाचपत बसला. आकडा निघाला, पण गेट हलेना.

"आधी उचल, मग ढकल," नोला खिडकीतून ओरडली. "बिजागरी खचलीय त्याची."

"गेट काय असतं ते मला कळतं!"

"कळलं असतं तर एव्हाना आपण पलीकडे असतो."

पुढची दोन गेटं त्याने मुकाट्याने उघडली. धारेच्या पायथ्याशी, चढावर पकड मिळावी म्हणून, टायरांची हवा कमी करायची होती. ते काम डोळ्यांचं नव्हतं, कानांचं आणि बोटांचं होतं. चारही चाकांशी उकिडवं बसून त्याने हवा सोडली आणि तेवढा वेळ तो जरा माणसात आला. चढ तिथूनच सुरू होत होता, आणि चढाच्या तोंडालाच शेवटचं गेट होतं. गाडीत बसवलेला वायरलेस नोलापाशी होता; हातात धरायचा वॉकीटॉकी तिने त्याच्याकडे दिला.

"मी निघाले की मध्ये थांबणार नाही. चढावर थांबलं की संपलं. तू गेट लाव आणि चालत ये."

दुसऱ्या वळणावर खडकाची पायरी होती. डेसला ती तळहातासारखी ठाऊक होती. तिथे काय करायचं ते सांगायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. गाडी त्याच्या अंगावर धूळ उडवत गेली. मग वॉकीटॉकीवर खरखर झाली: "कूपरच्या धारेवर खालून एक गाडी चढतेय. वरून कुणी येत असेल तर थांबा." अरुंद चढावर ही वर्दी आधी द्यावीच लागते, आणि आजवर ती डेसच द्यायचा. ते शब्द नोलाच्या आवाजात ऐकून त्याला चमत्कारिक वाटलं.

तो ऐकत उभा राहिला. पहिलं वळण नीट गेलं. मग दगड घसरले, चाकं जागच्या जागी फिरल्याचा आवाज आला, इंजिन एकदा खोकलं आणि बंद पडलं. धारेवर सगळं चिडीचूप झालं. एक कावळा तेवढा ओरडला.

डेस घाबरला. गाडीचं काय होईल हे त्याच्या मनातही आलं नाही. उजवीकडे खोल दरी होती आणि वर नोला एकटी होती. ब्रेक सोडू नकोस, गिअरमध्ये ठेव, डावं चाक खडकावर घाल, हे सगळं त्याच्या घशाशी आलं. शनिवारी गाडी जायची तर जाऊ दे, म्हणून त्याने बटण दाबलं.

"नोला," तो म्हणाला, "बरी आहेस ना गं?"

खूप वेळ खरखर. मग उत्तर आलं. "बरी आहे. खडक बघतेय. गप्प राहा."

इंजिन चालू झालं. आवाज जाड झाला, सावकाश झाला, एकदा अडला आणि वर वर जात राहिला. डेसने गेट लावून साखळी घातली. मग तो चढायला लागला. अर्ध्या वाटेत त्याला दम लागला. याच चढावर नोला कितीदा अशी मागून धापा टाकत आली होती. त्याने ते कधी मोजलं नव्हतं.

माथ्यावर स्नो-गम निलगिरीच्या बुटक्या झाडांखाली गाडी उभी होती. नोला गाडीच्या पायरीवर बसून थर्मासचं झाकण काढायला बघत होती आणि ते निघत नव्हतं. डेसने ते काढून दिलं.

"डावं चाक खडकावर घातलं," ती म्हणाली. "तू तिथे नेहमी तेच करायचास. गाडीत असले की मी डोळे मिटून घ्यायचे. आज उघडे ठेवावे लागले."

"हं."

"तू बोललास वॉकीटॉकीवर."

"गाडीबद्दल नाही बोललो."

"नाही बोललास," नोला म्हणाली. "त्या पोराला कळवते."

खोपीत जाऊन दोघांनी चहा घेतला. डेसचा कप निम्मा व्हायच्या आत तो दारात उभा राहून मान तिरकी करून पलीकडे बघायला लागला. "ती वाट कुठे जाते गं?"

"आज नाही," नोला म्हणाली.

चढ उतरून दोघं गेटाशी आली. डेसने गेट उघडलं, गाडी जाऊ दिली, साखळी चाचपून घातली आणि येऊन दाराला हात लावला. गाडी चार हात पुढे गेली. तो पुढे झाला. परत चार हात.

"अगं थांब ना, बये!" तो ओरडला.

आणि मग धुळीत तसाच उभा राहिला. पावसातली गेटं त्याला आठवली, शेणाने भरलेली आठवली. लेक कॅथलीन पोटात असताना नोला एक हात पोटाखाली धरून त्याच्यामागे धावली होती, तेही आठवलं. आत नोला स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होती.

तो येऊन बसला. टोपीवरची धूळ झटकली.

"तुला राग यायचा?" त्याने विचारलं.

"यायचा की."

"मग सांगायचंस."

"ओरडायचे ना रे प्रत्येक वेळी," नोला म्हणाली. "तू हसायचास."

पुढचं गेट आलं. गाडी पुरती थांबायच्या आतच डेस उतरलेला होता.