जगन घरतांचं अठ्ठ्याऐंशी कोलेस्टेरॉल

पनवेलजवळच्या विचुंब्याचे जगन घरत पूर्वी मिठागरावर असत. नव्वद सालानंतर त्यांच्या शेतात बिल्डिंगी उभ्या राहिल्या आणि त्यांना दोनच कामं उरली: सकाळी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारणं आणि संध्याकाळी पिणं. पिताना तळलेले बोंबील नाहीतर मटण लागायचंच.

समोर विनायक ओक राहायला आले होते, बँकेतले ऑफिसर. कोलेस्टेरॉल वाढल्यामुळे ते रोज सकाळी पळस्प्याच्या दिशेने झपाझप चालत आणि घरी येऊन उकडलेला दुधी खात.

सोसायटीने एकदा रक्ततपासणीचं शिबिर ठेवलं. जगन चहासाठी गेले. रिपोर्ट आले: विनायकराव दोनशे साठ, जगन अठ्ठ्याऐंशी.

मग काय, जगन आहारतज्ज्ञ झाले.

"दुधी सोरा, सायेब. बोंबील खा," ते ओट्यावरून सांगत. सोसायटीतले दोन रिटायर्ड गृहस्थ खरोखरच बोंबील आणायला गेले.

ठमाबाई मात्र नवऱ्याकडे निरखून बघत होत्या. "तुमचे डोले पिवले दिसतान," त्या म्हणाल्या. पुढे पोटही फुगलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याला रिक्षात घालून पनवेलला डॉ. नीता सबनीसांकडे नेलं.

जगननी प्रगतिपुस्तक दाखवावं तसा रिपोर्ट पुढे केला.

"शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल लिव्हरच तयार करतं," डॉक्टर म्हणाल्या. "दारूने तुमचं लिव्हर इतकं थकलंय की तेही त्याला जमत नाहीये. म्हणून आकडा कमी आलाय."

"मंग आता?"

"दारू आजपासून बंद. नाहीतर लिव्हर बदलायची वेळ येईल आणि ती सोय अजून फक्त परदेशात आहे. आणि एवढं करून नवं लिव्हर बसलं, की कोलेस्टेरॉल पुन्हा वर चढतं. नंतर घ्यावी लागणारी औषधं ते जास्तच वाढवतात."

"नवा म्हंजे कोनाचा?"

"मेलेल्या माणसाचं. निरोगी असेल तर."

जगन घरी येऊन विचारात पडले. गावात न पिणारं कोण आहे?

दुसऱ्या दिवशी विनायकराव दिसताच त्यांनी हाक मारली. "सायेब, तब्येत कशी हाय?"

"उत्तम."

"घोटभरपन घेत नाय ना तुमी?"

"कधीच नाही."

"बरं हाय. रस्त्याला ट्रक लय. सांभालून जा."

ही चौकशी रोज होऊ लागली. विनायकराव भारावून गेले होते. मग ठमाबाईंनी त्यांच्या बायकोला सहज सांगितलं, "यांना तुमच्या सायबांचा लिव्हर पसंत परलाय."

विनायकरावांचं चालणं आठवडाभर बंद पडलं. त्या आठवड्यात त्यांनी शांतपणे विचार केला. जगनचं स्वतःचं लिव्हर सुधारलं, तर त्यांचा दुसऱ्याच्या लिव्हरवरचा डोळा जाईल. तेव्हापासून रोज संध्याकाळी, नेमक्या पिण्याच्या वेळी, ते पत्त्यांचा कॅट घेऊन ओट्यावर हजर होऊ लागले. जगन उठायला लागले की म्हणत, "बसा. डाव राहिलाय."

सुरुवातीला जगन चिडले, हात थरथरायचे, पानं खाली पडायची. विनायकराव ती उचलून देत, आणि देताना बघूनही घेत.

काही महिन्यांनी जगनच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला, पोट उतरलं. नवा रिपोर्ट आला: एकशे सत्तर. डॉक्टर खूश झाल्या. लिव्हर पुन्हा कामाला लागलं होतं.

जगननी कोलेस्टेरॉल वाढल्याचे पेढे वाटले. ते दोन रिटायर्ड गृहस्थ पेढा हातात धरून बराच वेळ उभे राहिले. विनायकरावांनी दोन खाल्ले आणि पत्ते पिसायला घेतले.